हात न टेकता

हिंगणघाट
१२ फेब्रुवारी २००४

प्रफुलच्या माय,

पत्राच्या डोक्यावर काय लिहाव यातच माहा अर्धा दिवस गेला. लोक सप्रेम नमस्कार लिहितात. पण ज्यानं अकरा वर्षांत बायकोले एक कार्ड टाकलं नाई त्यानं सप्रेम लिहिलं, तर तू हे पत्र चुलीत टाकशीन, अन् बरोबरच करशीन. म्हणून तोंडात जे बसलं आहे तेच लिहिलं.

प्रफुल दर दिवाळीले तुह्याकडे आष्टीले येते, तवा माहं सांगत असनच. तरी माह्या तोंडून ऐक. मागच्या मे महिन्यात मले हार्ट अटॅक आला. बंडी अन् बैल जाऊन सहा वर्षं झाली, आता कापूस टेम्पोनं जाते. मी जिनिंगच्या फाटकावर बसत होतो, तिथंच कोसळलो. जीव वाचला, पण हृदयाचा पंप अर्ध्याच्याही खाली चालते म्हणे. पाय सुजतात. मीठ बंद, पाणी मोजून, लघवीची गोळी सकाळीच. हे सारं तुले नवं नाई.

घरी आल्यापासून पोरानं अन् सुनेनं मले देवासारखं ठेवलं. सुरभीले तू लग्नात पाह्यलंच आहे, आपण दोघं मांडवाच्या दोन टोकाले बसलो होतो. पोरगी गुणाची आहे. मी खाटेवरून पाय खाली टाकला की धावत येते. पाणी हातात, ताट हातात, दाढीचं सामान हातात. संडासले जातानी प्रफुल बगलेत हात घालते. नऊ महिने म्या एक तांब्या उचलला नाई. शेजारपाजारचे म्हणतात, लक्ष्मणराव नशिबाचे धनी. मलेही तसंच वाटत होतं.

मागच्या सोमवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलतो. तिथं दिपाली नावाची एक पोरगी आहे, व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण. अजून शिकूनच राह्यली, पण तोरा मोठ्या डॉक्टरचा. तिनं माह्या पोटरीले टेप लावला, मुठीत दाबाचं मशीन दिलं, अन् मंग म्हणे, हाताची घडी छातीवर ठेवा अन् या खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखवा. मले हसू आलं. कापसाच्या गाठी लोटणारा माणूस मी. म्हटलं, पाच कायले, पन्नास घे ना बाई.

एकही वेळा उठलो नाई. पहिल्या खेपेले बुड उलिसं वर आलं अन् धपकन खाली. दुसऱ्या खेपेले तेही नाई. छातीत दुखत नव्हतं, दमही लागला नव्हता. मांड्याच नव्हत्या. प्रफुल बाजूले उभा होता, त्याच्याकडं पाहाची मले लाज वाटली.

तवा तू आठवली. चुलीपुढून उठतानी एक हात भुईवर टेकवायची, दुसऱ्या हातानं चौकट धरायची अन् म्हणायची, मांड्यांतून जीव जाते हो माह्या. मी म्हणायचो, सोंग आहे. आता ही पोरगी मले समजावून सांगते, की हृदय थकलं की अंगाले रक्त कमी पोचते, मांस झिजत जाते, अन् पडून राह्यलं की अजून झिजते. म्हणे दुखणं छातीत असते, पण माणूस पडते मांड्याईपायी.

मले खरंच माहीत नव्हतं. एवढंच लिहाले बसलो होतो.

लक्ष्मण


हिंगणघाट
१४ मार्च २००४

प्रफुलच्या माय,

उत्तर नाई आलं. येईन असं धरूनही चाललो नव्हतो, पण पोस्टमन दिसला की मान वर होते, त्याले काय करू.

दिपालीबाईनं पाठ दिला आहे. खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या, म्हणजे बसणं उंच होते, अन् हात न टेकता उठाचं. जमलं की एक उशी काढाची. भिंतीले धरून टाचा उचलायच्या. पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वरखाली कराच्या. अंगणात दहा हात चालाचं, थांबाचं, परत चालाचं. बोलता आलं पाह्यजे एवढाच दम लागू द्याचा. पाय जास्त सुजले, वजन वाढलं, तर त्या दिवशी नाई.

घरात यावरून महाभारत झालं. सुरभी रडाले लागली. म्हणे बाबाले काही झालं तर लोक सुनेलेच बोलतीन. प्रफुल म्हणे, नऊ महिने तळहातावर ठेवलं ते कायले, पुन्हा दवाखान्यात न्याले? मले राग आला होता, पण पोराच्या डोळ्यात भेव दिसलं. मंग त्याले आपल्या हरण्या बैलाची गोष्ट सांगतली.

तुले आठवते का? हरण्याचा खूर फाटला होता अन् चार महिने त्याले गोठ्यात बांधून ठेवला. ढेप, सरकी, हिरवा चारा, कशाले कमी नव्हतं. खूर बरा झाला पण मांड्या उतरून गेल्या. म्या त्याले एकदम भरल्या बंडीले नाई जुंपला. आधी नुसता पाणवठ्यापर्यंत चालवला. मंग रिकामी बंडी, मंग चार पोती, मंग भरती. दोन महिन्यांत ठेसनचा चढ चढला. म्हटलं, जे बैलाचं समजते ते बापाचं काऊन नाई समजत? दुसऱ्या दिवशी त्यानंच खुर्ची अंगणात आणून ठेवली.

हे सांगून झालं अन् मी रातभर तळमळलो. कारण बैलाचं मले समजत होतं, अन् तुहं नाई.

तुले सांगाची गरज नाई, पण मले एकदा लिहून काढाचं आहे. ते त्र्याण्णव सालच्या महालक्ष्म्या. अंगणात पंगत बसली होती, चाळीस पान. तू कढीचं गंज घेऊन वाढत होती. मधातच वाकली अन् दोन पानांच्या मधात खालीच बसली. कढी सांडली. उठाले गेली, उठवलं नाई. तू माह्याकडं पाह्यलं. अन् म्या साऱ्या पंगतीपुढं म्हटलं, "बसलेल्या बैलाची शेपटी पिरगाळाव लागते."

लोक हसले. माही माय हसली. बायाईनं तुले दोन बाजूनं धरून घरात नेलं. दुसऱ्या दिवशी तुहा भाऊ रूपराव आला अन् तू गेली.

हरण्याची शेपटी म्या कधी पिरगाळली नव्हती.

लक्ष्मण


हिंगणघाट
१८ एप्रिल २००४

प्रफुलच्या माय,

कार्ड भेटलं. सुरभीनं आणून दिलं अन् तिथंच उभी राह्यली, की बाबा वाचून काय म्हणतात. पलटवून पलटवून पाह्यलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ लिहिली तू. "हात न टेकता किती वेळा उठता?" ना नमस्कार, ना सही. पण अक्षर ओळखलं. तुहा 'ह' अजूनही पोट धरून बसल्यासारखाच दिसते.

उत्तर सांगतो. एका उशीवरून चार वेळा. उशी काढली तर दोन, अन् दुसऱ्या वेळी तोंड वाकडं होते. सुरभीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहिणं सुरू केलं आहे. आता तीच माही मास्तरीण झाली. मी आळस केला की ताटात भाकर उशिरा येते.

प्रफुल सांगत होता, तुह्या हृदयाच्या झडपेचं काम नागपूरले झालं, पंच्याण्णव साली, अन् रूपरावनं दोन महिने तुह्यापाशी मुक्काम केला. मंग तू आष्टीच्या बाजारापर्यंत रोज चालत जायची म्हणे, आधी मारुतीच्या पारापर्यंत, मंग पोस्टापर्यंत, अन् दर ठिकाणी बसायची. कोणी शिकवलं होतं तुले? तवा तर अशी दिपालीबाई नसन. तू आपल्या मनानंच केलं असन. तू पहिल्यापासून तशीच.

एक विचारतो. तू आळणी जेवण गिळते कसं? दीड वर्षं होत आली... नाई, एकच वर्ष झालं, पण मले दीड वाटते. निंबू पिळून पाह्यलं, लसूण घालून पाह्यलं. वरण म्हणजे निरा पाणी लागते. काही युक्ती असन तर लिहिजो.

लक्ष्मण


हिंगणघाट
२७ जून २००४

प्रफुलच्या माय,

तुहे तीन कार्डं आले. पहिल्यात लिहिलं, आमसूल अन् जिरं भाजून टाका. दुसऱ्यात, बैल एकदम जुंपू नये, उन्हाळा आहे, सकाळीच चाला. तिसऱ्यात परत तेच, किती वेळा. तर उशीशिवाय सहा. अंगणाचे बारा फेरे. काल वेणा नदीच्या पुलाकडं निम्म्या रस्त्यापर्यंत जाऊन आलो, प्रफुल मागं मागं सायकल लोटत होता, की म्हातारा पडला तर बसवून आणता येईन.

मांड्याईत जसा जसा जीव येऊन राह्यला तसं तसं एक गोष्ट गळ्याशी येऊन बसते. खाटेवर होतो तवा ते दाबून ठेवता येत होतं. पहिल्या पत्रात म्या लिहिलं, मले माहीत नव्हतं. ते खोटं आहे.

मले माहीत होतं. त्र्याण्णव साली जून महिन्यात मी तुले इथल्या डॉक्टरकडं नेलतं. तुले बाहेर बाकावर बसवलं अन् डॉक्टरनं मले आत बोलावलं. म्हणे बाईच्या हृदयाची झडप आकसली आहे, हे अशक्तपण त्याचंच आहे, उशीर करू नका, नागपूरले न्या. इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. मी बाहेर आलो अन् तुले म्हटलं, काही नाई, अशक्तपणा आहे, टॉनिक दिलं. टॉनिकची बाटली म्या स्वतः दुकानातून विकत घेतली. डॉक्टरनं ते लिहिलंच नव्हतं.

चिठ्ठी बंडीच्या वंगणाच्या डब्यात, फडक्याखाली ठेवली. म्हटलं दिवाळी झाली की नेऊ.

काऊन केलं, हे अकरा वर्षं स्वतःलेच विचारतो. एक कारण अनुसया. माह्या बहिणीले नागपूरच्या दवाखान्यात नेलं अन् ते परत आली नाई. नागपूर म्हटलं की मले तिचं गाठोडं दिसे, कपड्याचं, दवाखान्यातून हाती दिलेलं. मले वाटे, तुले न्यावं अन् तसंच गाठोडं घेऊन यावं. न्यालेच नको, नाव काढालेच नको. हे कारण खरं आहे, पण पुरं नाई.

दुसरं कारण लाज. ठेसनपर्यंत साऱ्यात जड बंडी माही, साऱ्यात तगडे बैल माहे, अन् बायको दुखणेकरी, हे मले लोकाईपुढं कबूल कराचं नव्हतं. मायले सांगतलं तर ते म्हणन, फसवून सून गळ्यात बांधली. म्हणून सोंग म्हणत राह्यलो. तू पंगतीत खाली बसली, माह्याकडं पाह्यलं, तवा मले समजत होतं तू काऊन बसली. समजत असून ते शब्द बोललो.

आता तू कार्ड नाई टाकलं तरी मी व्यायाम सोडणार नाई, त्याची काळजी नको करू. माफी मागाची हिंमत नाई. फक्त खोटं मागं घेतो.

लक्ष्मण


हिंगणघाट
१३ सप्टेंबर २००४

प्रफुलच्या माय,

अडीच महिने काहीच आलं नाई. जुलैत एक डाव पाय सुजले, वजन चार किलो वाढलं, सहा दिवस दवाखान्यात काढले. तिथं पडल्या पडल्या मांड्या पुन्हा उतरल्या. सहाचे तीन झाले. दिपालीबाई म्हणे, असंच असते बाबा, परत सुरू करा. म्या परत उशी ठेवली. मनात होतं, तू आता लिहिणार नाई. सुरभी कॅलेंडरवर आकडा लिहिताना माह्याकडं पाहात नव्हती.

आज खांदमळणी. उद्या पोळा. आपल्या घरी आता बैल नाईत, पण शेजारी मोतीलालच्या गोठ्यात जाऊन बसलो होतो. त्यानं बैलाईच्या खांद्याले तूप अन् हळद लावली अन् म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. दरसाल ऐकतो, पण यंदा मले भरून आलं. घरी आलो तर तुहं पत्र. कार्ड नाई, पाकीट.

चार वेळा वाचलं. तू लिहिलं ते शब्द जसेच्या तसे इथं उतरवतो, म्हणजे म्या बरोबर वाचलं का ते तुले समजन.

"वंगणाचं फडकं म्या महालक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी धुवाले काढलं. चिठ्ठी कंपाउंडरकडून वाचून घेतली. मी वाट पाहात होती तुम्ही सांगसान. पंगतीत बसली तवाही वाटलं, आता तरी सांगसान. शेपटीपायी नाई गेली मी. तुम्हाले माहीत होतं, म्हणून गेली. तेच चिठ्ठी रूपरावभाऊनं नागपूरच्या डॉक्टरले दाखवली."

बंडी विकली तवा म्या डबा उपडा करून पाह्यला होता. चिठ्ठी नव्हती. समजलो उंदरानं नेली असन. सहा वर्षं उंदरावर नाव ठेवलं बाप्पा, अन् चिठ्ठीनं तिकडं तुहा जीव वाचवला.

म्हणजे तू अकरा वर्षं एवढ्यासाठीच थांबली, की मी एकदा खरं बोलतो का. अन् फेब्रुवारीत मी परत खोटं लिहिलं, तरी तू कार्ड टाकत राह्यली, आमसूल सांगत राह्यली. मी रडलो, एवढं लिहितो. सुरभीनं पाह्यलं अन् तेही रडली, तिले कारणही माहीत नव्हतं.

शेवटी तू लिहिलं, यंदा रूपरावभाऊकडं महालक्ष्म्या आहेत, जेवाले या. पण आमच्या घरी खुर्ची नाई देत, खाली बसाव लागते.

आजच्या दिवशी बैलाईले देतात तसं मले आवतण आलं. खुर्चीवरून आता पाच होते, पण भुईवरून अजून एकदाही उठलो नाई. आठ दिवस आहेत. येतो.

लक्ष्मण


हिंगणघाट
२८ सप्टेंबर २००४

पंचफुला,

तुहं नाव लिहिलं. लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच लिहिलं. आधी प्रफुलची माय झाली नव्हती तवा "ओ" म्हणून हाक मारायचो, आठवते का?

मागच्या आठवड्यात आष्टीले जे झालं ते तू डोळ्यानं पाह्यलं. पण माह्या बाजूनं काय झालं ते तुले माहीत नाई, अन् तिथं तोंडानं सांगाले जमलं नाई.

तिथं पंगतीत बसतानी प्रफुलनं बगलेत हात घातला, म्या काढून टाकला. बसणं सोपं असते, धपकन बसलो. तू वाढाले आली. साऱ्याईले कढी, आंबील, सोळा भाज्या. माह्या पानावर वेगळ्या वाट्या, बिनमिठाच्या. म्या वर पाह्यलं तर रूपरावची बायको म्हणे, दोनच पानं आळणी आहेत, एक तुमचं अन् एक ताईचं. भाजीत आमसूल होतं. पंचफुला, वर्ष झालं पोट भरून जेवलो नव्हतो, त्या दिवशी जेवलो.

मंग जेवणं झाली. मले तवा ध्यानात आलं, की मी त्या घरचा जावई. जावई उठल्याबिगर पंगत उठत नाई. तीस माणसं उष्टे हात घेऊन माह्याकडं पाहून राह्यली. पहिल्या डाव जोर केला, बुड हललं नाई. दुसऱ्या डाव अर्धा उठलो अन् खाली आलो, पाण्याचा गिलास सांडला. मले त्या दिवशीची कढी दिसली. मले वाटलं आता कोणी हसन, अन् हसलं तर ते बरोबरच होईन. रूपराव धावत आला, माह्या खांद्याखाली हात घालाले. हात लावाचा त्याले हक्क होता, त्यानं तुले उचलून नेलतं.

तू चुलीपासून बोलली. आवाज मोठा नव्हता तुहा. "हात नको लावू, भाऊ. घाई नाई. पंगत थांबते."

अन् पंगत थांबली. एक बारकी पोरगी हात धुवाले उठत होती, तिच्या मायनं तिले मांडीवर ओढून घेतलं. हात वाळून गेले साऱ्याईचे. दिपालीबाईनं सांगतल्यासारखा एक पाय पुढं घेतला, गुडघा टेकवला, नाक गुडघ्याच्या पुढं नेलं, अन् उठलो. हात टेकला नाई. मी उभा राह्यलो तवा पंगत उठली.

तू परत येतो म्हणाली नाई, अन् म्याही विचारलं नाई. आष्टीत तुहं घर आहे, तुहा बाजार आहे, तुह्या बसाच्या जागा आहेत. मी महिन्यातून एकदा येत जाईन, जमन तवापर्यंत. यष्टीच्या पायऱ्या उंच आहेत, त्याचा वेगळा सराव सुरू केला आहे, विटांवर.

निघतानी एक पाह्यलं, तेच लिहाले हे पत्र. मी बाहेर चपला घालत होतो. तुले वाटलं मी पाहून नाई राह्यलो. तू चुलीपुढून उठली, एक हात भुईवर टेकवला, एक हात चौकटीले लावला. अजूनही. मी फेब्रुवारीपासून तुले माहे आकडे लिहून राह्यलो. चार, दोन, सहा, तीन, पाच. तू कार्डात विचारत राह्यली. म्या एकदाही उलटून नाई विचारलं, अन् आधीच्या साऱ्या वर्षाईतही नाई.

आज सकाळी माहे सात झाले. तुहे किती होतात, पंचफुला?

लक्ष्मण